चौथी बहीण

‘नक्कल’ हा शब्द आपल्या घरांत आणि शाळांत चांगल्या अर्थाने येत नाही. परीक्षेत नक्कल केली की पेपर काढून घेतला जातो. लहान भावाने मोठ्याची नक्कल केली की घरात भांडण होते. पण त्याच घरातले मूल पाटीवर ‘अ’ किंवा तख्तीवर ‘अलिफ’ गिरवू लागले की आजी-आजोबांपासून सगळ्यांना कौतुक वाटते. उस्ताद पेन्सिलीने अक्षर काढून देत आणि मूल त्यावरून बोरूच्या कलमाने हात फिरवी. उर्दूत याला मश्क म्हणतात, मराठीत गिरवणे. खत्ताती शिकणाऱ्याची कित्येक वर्षे उस्तादांच्या अक्षरावर नजर ठेवून लिहिण्यात जातात. त्याला कोणी चोर म्हणत नाही, शागीर्द म्हणतात.

चित्रकलाही अशीच गिरवून शिकता येते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, चित्रकला माझा विषय नाही. तरी गेले वर्षभर दर रविवारी दुपारी आमच्या घरी मी आणि माझी एक विद्यार्थिनी तैलरंगात एक जुने चित्र गिरवतो आहोत. मुलगी दहावीत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा ती उत्तीर्ण झाली आहे. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे सर अधूनमधून येतात, बघतात, दोन गोष्टी सांगतात आणि चहा घेऊन जातात. एवढाच आमचा वर्ग.

मध्यंतरी त्या मुलीचे अब्बा भेटले. माणूस सरळ, कष्टाळू. त्यांनी अदबीने पण स्पष्ट विचारले, “मॅडम, दुसऱ्याचे चित्र उतरवून मुलीला काय मिळणार? आणि दहावीनंतर तिने चित्रकलेलाच जायचे म्हटले तर आम्ही काय करायचे?” प्रश्न रास्त आहे. अनेक घरांत तो विचारला जात असेल, म्हणून त्याचे उत्तर इथे जरा सविस्तर देते. त्यासाठी आधी त्या चित्राची ओळख करून द्यायला हवी.

चित्र आहे १५५५ सालचे. इटलीतल्या क्रेमोना शहरात अमिलकारे अँग्विसोला नावाचे एक खानदानी गृहस्थ राहत होते. त्यांना सहा मुली आणि एक मुलगा. थोरल्या मुलीचे नाव सोफोनिस्बा. त्या काळी चित्रकार व्हायचे तर चित्रकाराच्याच घरी जन्मावे लागे किंवा लहानपणी एखाद्या उस्तादाच्या कारखान्यात उमेदवारी करावी लागे, आणि ती मुलांसाठी असे. अमिलकारे स्वतः चित्रकार नव्हते. तरीही १५४६ च्या सुमारास त्यांनी सोफोनिस्बा आणि तिच्या पाठची एलेना या दोघींना बर्नार्दिनो कांपी या चित्रकाराकडे शिकायला पाठवले. कांपी गाव सोडून गेले, तेव्हा दुसरे शिक्षक शोधले. पुढे थोरलीने धाकट्या बहिणींना शिकवले.

या वडिलांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी थेट मायकेलअँजेलोला पत्रे लिहिली. १५५७ च्या पत्रात त्यांची विनंती अशी, की आपण काढलेले एखादे रेखाचित्र माझ्या मुलीकडे पाठवावे, ती त्यावरून तैलरंगात चित्र करील आणि आपल्याकडे परत पाठवील. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या चित्रकाराकडे एका बापाने मुलीसाठी मागितले काय, तर गिरवायला एक कित्ता! शिफारस, नोकरी किंवा पैसे त्या विनंतीत नव्हते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मुलींना शरीररचनेचा अभ्यास करण्याची किंवा मोठमोठे धार्मिक आणि ऐतिहासिक देखावे रंगवायला लागणारे शिक्षण घेण्याची मुभा तेव्हा नव्हती. मग सोफोनिस्बाने काय रंगवले? स्वतःला, अब्बांना, भावाला, बहिणींना. जे घरात होते ते. आमचे चित्र याच मालिकेतले. तिच्या तीन बहिणी झाडाखाली बुद्धिबळ खेळत बसल्या आहेत. आज हे चित्र पोलंडमधील पोझनान शहराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रुंदी ९७ सेंटिमीटर, उंची ७२. म्हणजे फार मोठे नाही.

डावीकडे लुसिया, तिचा हात पटावर आहे आणि नजर आपल्याकडे. उजवीकडे मिनर्व्हा. तिने हात किंचित वर उचलला आहे, ओठ विलग झाले आहेत, ती लुसियाला काहीतरी म्हणते आहे. बहुधा डाव हातचा गेला आहे. मधे धाकटी युरोपा, मिनर्व्हाकडे बघून खुदकन हसणारी. हरणाऱ्या ताईची फजिती बघण्यातला धाकटीचा आनंद कोणत्याही घरात ओळखता येईल! उजव्या कडेला घरातली वयस्क दाई हा सगळा प्रकार बघत उभी आहे.

आता नजरा बघा. मिनर्व्हा लुसियाकडे बघते, युरोपा मिनर्व्हाकडे बघते, मग लुसिया कोणाकडे बघते? समोर बसून चित्र काढणाऱ्या थोरल्या बहिणीकडे. म्हणजे चौथी बहीणही त्या डावात हजर आहे, फक्त ती चौकटीच्या या बाजूला आहे, जिथे आपण उभे असतो. पुस्तकात हे चित्र मी पूर्वी पाहिले होते, पण ही गोष्ट लक्षात आली ती गिरवायला बसल्यावर. लुसियाच्या डोळ्यांतली बाहुली नेमकी कुठे ठेवायची हे ठरवताना आपल्याला सोफोनिस्बाच्या जागीच बसावे लागते. गिरवण्याचा पहिला फायदा हाच. आपण चित्राकडे बघतो दोन मिनिटे, गिरवताना बघतो दोनशे तास.

दुसरा फायदा हाताचा. तैलरंग म्हणजे मुळात जवसाच्या तेलात घोटलेली रंगीत माती आणि खनिजे. जवस आपल्याला चटणीमुळे माहीत आहे, पण स्वयंपाकघरातले तेल इथे चालत नाही, चित्रकारांसाठी शुद्ध केलेले वेगळे मिळते. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते आणि रंगाला धरून ठेवते. म्हणून तैलचित्र घाईने होत नाही. एक थर लावा, काही दिवस थांबा, मग दुसरा. नियमही असा की खालचे थर पातळ आणि कमी तेलाचे, वरचे थर जास्त तेलाचे. उलटे केले तर वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर सरकतो आणि चित्राला भेगा पडतात. ज्या मुलांना सगळे एका क्लिकवर मिळते त्यांच्यासाठी ही सब्राची तालीमच आहे.

ज्यांना घरी करून बघायचे असेल त्यांच्यासाठी आमची पद्धत थोडक्यात सांगते.

आम्ही चित्र मूळच्या निम्म्या आकारात घेतले. छापील प्रतीवर काचेसारखा पारदर्शक कागद ठेवून त्यावर १२ ओळी आणि १६ रकाने पाडले. कॅनव्हासवर तितकेच चौकोन फिक्या पेन्सिलीने आखले. मग एका वेळी एकच चौकोन बघायचा. ‘हे नाक आहे’ असे मनात म्हणायचे नाही, ‘ही रेष या चौकोनाच्या मध्यावरून निघून खालच्या कोपऱ्याजवळ संपते’ असे म्हणायचे. शुद्धलेखन तपासताना शब्द वाचू नका, अक्षरे बघा, असे मी मुलांना सांगते. हे तसेच आहे.

रेखाटन झाल्यावर सगळ्या कॅनव्हासवर बर्न्ट अंबर हा मातकट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पुसट लावला. पांढऱ्या शुभ्र कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि हात बिचकतो, मातकट पार्श्वभूमीवर उजेड आणि सावली दोन्ही ठरवता येतात. मग त्याच तपकिरीने फक्त सावल्या रंगवल्या आणि ते वाळू दिले. खरे रंग आले त्यानंतर. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, क्रिमसन, अल्ट्रामरिन आणि काळा, एवढ्या सात नळ्यांत आमचे चित्र झाले. जुने चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. तो विषारी आहे, लहान मुले असलेल्या घरात आणू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नये. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

सर्वांत जास्त शिकवले ते कपड्यांनी. तिन्ही बहिणींच्या अंगावर भरजरी पोशाख आहेत. विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी विचारले, “टीचर, सोनेरी रंगाची नळी आणायची का?” सर म्हणाले, “नको, सोने आपल्या डोळ्यात असते.” तपकिरीवर पिवळी माती, त्यावर उजेड पडतो तिथे पांढरट पिवळ्याचा एकच ठिपका, आणि ठिपक्याशेजारी गडद सावली. दुरून बघितले की किमखाब चमकतो. इटलीतल्या अल्बर्टी या विद्वानाने १४३५ सालीच लिहून ठेवले आहे, की खरे सोने न लावता साध्या रंगांनी सोन्याची झळाळी आणणाऱ्या चित्रकाराची वाहवा जास्त होते. ज्या मुलीने हे एकदा हाताने केले, ती दुकानात शालूची जरीसुद्धा वेगळ्या नजरेने बघते.

आता आपल्या घरांत येणारा एक प्रश्न. चित्रातल्या चेहऱ्यांविषयी. सजीवांची चित्रे काढण्याबाबत आपल्याकडे वेगवेगळी मते आहेत, आणि निवाडा देणे हे माझे काम नाही, माझी ती पात्रताही नाही. या मुलीच्या दादींनी चित्र बघितले आणि म्हणाल्या, “बाळा, चेहरे कशाला? तो गालिचा काढ की, किती सुंदर आहे!” आम्ही दादींचे ऐकले आणि सुरुवात गालिच्यापासून केली. पटाखाली टेबलावर अंथरलेला तो गालिचा पूर्वेकडचा आहे. त्या काळात अनातोलियातले गालिचे व्हेनिसमार्गे युरोपात जात. ते इतके मौल्यवान की बहुतेक घरांत जमिनीवर न टाकता टेबलावर घालत. चित्रकारांनी ते इतके मन लावून रंगवले की आजचे अभ्यासक त्यांतल्या काही नक्षींना ‘होल्बाइन गालिचा’, ‘लोट्टो गालिचा’ अशी चित्रकारांचीच नावे देतात. रंगवणाऱ्याचे नाव राहिले, विणणाऱ्याचे गेले. आपल्याकडे ज्यांच्या आईने, आजीने गोधड्या शिवल्या, कशिदा काढला, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गालिच्यावरचा पट तर मूळचा आपल्याच बाजूचा. हिंदुस्थानातून हा खेळ इराणात गेला, तिथे शतरंज झाला, अरबांबरोबर युरोपात पोहोचला. आपण ज्याला वजीर म्हणतो त्या मोहऱ्याला युरोपने राणी केले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला पटावर सर्वांत जास्त बळ दिले. या बहिणी खेळतात तो हाच नवा डाव. दूरच्या निळसर टेकड्याही आठवण करून देतात, कारण त्या जमान्यातला सर्वांत किमती निळा रंग लाजवर्द दगडापासून होई आणि तो दगड येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून. म्हणून त्याचे नाव पडले अल्ट्रामरिन, समुद्रापलीकडचा. आज नळीत मिळणारा कारखान्यात बनतो, नाव मात्र तेच राहिले.

आणि गिरवून शिकण्याची रीत आपल्याला परकी नाही. अबुल हसन हे पुढे जहांगीर बादशहाकडून ‘नादिर-उज-जमान’ किताब मिळवणारे चित्रकार. १६०० साली, तेराव्या वर्षी त्यांनी जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या छापील चित्रातली एक आकृती हुबेहूब उतरवली. तो कागद आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. इंग्लंडचा वकील सर थॉमस रो १६१६ साली दरबारात होता. त्याने आणलेल्या चित्राच्या प्रती बादशहाच्या चित्रकारांनी अशा केल्या, की मेणबत्तीच्या उजेडात आपलेच चित्र ओळखायला त्याला प्रयास पडले. आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे उतरवण्याचे काम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून कित्येक वर्षे करत होते. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासाठी ज्यांनी तीच चित्रे उतरवली, त्यांत हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन काजी होते. भिंतीवरचे रंग झिजत असताना गिरवणाऱ्यांनी ते आपल्या प्रतींत जपले.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवाना काढून चित्रांसमोर बसून प्रत करता येते. एक अट अशी, की प्रत मूळ चित्राच्या आकाराची नसावी, लहान किंवा मोठी असावी. गिरवणे आणि फसवणे यांत फरक इतका सोपा आहे. आपण जे केले ते उघड सांगायचे.

आता त्या अब्बांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पुढे काय?

सोफोनिस्बाचे पुढे असे झाले. १५५९ साली तिला स्पेनच्या राजा फिलिप दुसरा याच्या दरबारात बोलावणे आले. तरुण राणीची ती सखी झाली आणि चित्रकलेची शिक्षिकाही. १५६६ साली वसारी हा चित्रकारांची चरित्रे लिहिणारा लेखक क्रेमोनाला त्यांच्या घरी गेला. भिंतीवर हेच बुद्धिबळाचे चित्र होते. या मुली जिवंतच आहेत, फक्त बोलायच्या बाकी आहेत, अशा अर्थाचे त्याने लिहिले. १६२४ साली, सोफोनिस्बाने नव्वदी ओलांडली होती, तेव्हा तरुण चित्रकार व्हॅन डाइक तिला पालेर्मोत भेटला. दृष्टी क्षीण झालेली, पण बुद्धी तल्लख. तिने त्याला सांगितले, माझे चित्र काढताना उजेड फार वरून घेऊ नकोस, सुरकुत्यांच्या सावल्या गडद होतील. नव्वदीतही ती शिकवतच होती.

ही झाली उजळ बाजू. दुसरीही सांगायला हवी. स्पेनच्या दरबारात तिची नेमणूक राणीची सखी म्हणून होती, चित्रकार म्हणून नव्हे. तिथल्या चित्रांवर तिने सही केली नाही. परिणाम असा, की माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले राजा फिलिपचे चित्र दीर्घकाळ दुसऱ्याच, एका पुरुष चित्रकाराच्या नावावर होते. हुनर होते, वडिलांची साथ होती, राजदरबार होता, तरी नाव पुसले गेले. म्हणून ‘मुलीला छंद म्हणून करू द्या’ एवढ्यावर पालकांनी थांबू नये असे मला वाटते. छंदाला नाव नसते. शिक्षण असेल, प्रमाणपत्र असेल, कामाचा मोबदला तिच्या हातात येत असेल, तर नाव टिकते.

प्रत्येक मुलगी सोफोनिस्बा होणार नाही, हे मी शिक्षिका म्हणून जाणते. पण चित्रकलेची वाट आता फक्त चित्रकारापर्यंत जात नाही. कापडाची नक्षी, पुस्तकांची सजावट, जाहिरात, अ‍ॅनिमेशन, जुन्या वस्तूंचे जतन, शाळेतले कलाशिक्षक, अशी तिची बरीच टोके आहेत. ग्रेड परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, तेवढ्यासाठी अनेक पालक मुलांना बसवतात आणि गुण मिळाले की रंगांची पेटी माळ्यावर जाते. माझे म्हणणे एवढेच, की माळ्यावर टाकण्याआधी एकदा मुलीला विचारा. तिने काढलेले शांतपणे बघा. नातेवाईक काय म्हणतील याचे उत्तर मागाहून देता येते, मुलीचे वय मागे नेता येत नाही.

मुलीच्या अब्बांनी अजून हो म्हटलेले नाही. पण प्रवेशाचे अर्ज कधी निघतात, मुलींच्या वसतिगृहाची सोय कशी आहे, हे त्यांनी विचारले आहे. ज्याला नकारच द्यायचा असतो तो वसतिगृहाची चौकशी करत नाही. निर्णय त्यांच्या घरात होईल आणि तो तिथेच व्हायला हवा. आमच्या कॅनव्हासवर गालिचा, पट, जरी आणि झाडे पूर्ण झाली आहेत. चेहरे अजून तपकिरी सावल्यांत आहेत. त्यांचे काय करायचे हेही ती घरच्यांशी बोलून ठरवणार आहे. तैलरंगात थांबायला हरकत नसते.

एक काम मात्र करून ठेवा असे सरांनी सांगितले आहे. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला मूळ चित्रकाराचे नाव लिहायचे, त्याखाली गिरवणाराचे, आणि सन. सोफोनिस्बाने चित्रातल्या पटाच्या कडेवर लॅटिनमध्ये लिहिले आहे, की अमिलकारेची कन्या सोफोनिस्बा हिने आपल्या तीन बहिणी आणि दाई यांना समोर बसवून १५५५ साली हे चित्र काढले. मुलीने ते वाचून आमच्या कॅनव्हासच्या पाठीवर उर्दू आणि मराठी दोन्ही लिप्यांत मजकूर लिहिला आहे. वर सोफोनिस्बाचे नाव, खाली स्वतःचे, आणि स्वतःच्या नावापुढे अब्बांचे.